स्वतःवरचा दावा

आपल्यावर कुणी दावा लावावा म्हणून दुसऱ्याच्या उंबऱ्यावर दिवसभर उपाशी बसलेला माणूस मी आजवर एकच पाहिला. निजामाच्या राज्यात, हुमनाबादेहून गुलबर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका बाजारपेठेच्या गावी, एका धर्मादाय दवाखान्याचे ते प्रमुख शल्यविशारद होते आणि माझ्या निरीक्षणाप्रमाणे त्यांचे डोके पूर्णपणे ठिकाणावर होते. हे शेवटचे विधान त्या गावात फारसे कुणाला मान्य झाले नसते. आम्ही सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत असू.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी त्यांच्याकडे गेले तेव्हा वैद्यकीय शिक्षणाचा माझा निश्चय झालेला होता. प्रवेश तेवढा मिळायचा होता. मधला काळ घरी बसून घालवायचा नाही, एवढ्याच हिशेबाने मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली जागा मागितली. प्रयोगशाळा म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि स्पिरिटचा दिवा.

"पदवी आहे?" त्यांनी विचारले.

"आहे."

"कशावरून?"

मी प्रमाणपत्र काढू लागले. त्यांनी हातानेच नको म्हटले आणि टेबलावरची एक बाटली माझ्यापुढे सरकवली. "यात काय आहे?"

"तपासल्याशिवाय सांगणार नाही."

"उद्यापासून या," ते म्हणाले आणि उठून गेले.

'कशावरून' हा त्यांचा श्वासच होता. ताप उतरला म्हणणाऱ्याला, दूध निर्भेळ आहे म्हणणाऱ्या गवळ्याला, आज उकाडा फार आहे असे सहज बोलून गेलेल्या तहसीलदारालाही तो प्रश्न येई. तहसीलदार चिडले. डॉक्टरसाहेबांनी मात्र खरोखरच भिंतीवरचा तापमापक आणून त्यांच्यापुढे धरला आणि कालच्यापेक्षा पारा उतरलेला आहे हे दाखवून दिले. लोक त्यांच्याशी बोलताना शक्यतो विधाने करीत नसत.

त्यांच्या कोटाच्या खिशात रुमालाऐवजी कोळसा असे. रोग समजावून सांगायचा तर ते जमिनीवर उकिडवे बसत आणि शहाबादी फरशीवर चित्र काढत. पित्ताशयाच्या खड्यांचे रोगी आमच्याकडे बरेच येत आणि त्यांच्यासाठी एक चित्र ठरलेले होते. यकृत म्हणजे डोंगरावरचा झरा. तिथून पित्ताचा थोरला पाट निघतो, तो खाली आतड्याच्या शेतात जातो. वाटेत एका बाजूला एक छोटे तळे, ते पित्ताशय. बारक्या पाटाने ते थोरल्याला जोडलेले. तळ्यात खडे झाले की तळे काढून टाकायचे आणि बारका पाट बांधून घ्यायचा. "थोरल्याला हात लावायचा नाही," ते कोळसा उचलून म्हणत. "थोरला अडला तर पाणी मागे फिरतं, वरचं सगळं कुजतं, आणि माणूस हळदीसारखा पिवळा होऊन मरतो." शेतकऱ्यांना हे एका क्षणात कळे. मला पाठ्यपुस्तकाची चार पाने वाचूनही इतके स्वच्छ कळले नव्हते.

झाडणाऱ्या मल्लव्वाला मात्र या शिक्षणपद्धतीचा मनापासून राग होता. "आत्ताच पुसलंय की ओ मी! परत तळं खांदलासा व्हय?"

"पुसू नको मल्लव्वा. अजून एक रोगी यायचाय."

"त्याला त्याचं येगळं तळं काडा."

शुक्रवारी सुटी असे. म्हणून गुरुवारी दुपारी, शेवटचा रोगी गेला की, व्हरांड्यात चुकांची बैठक भरे. ही त्यांची स्वतःची रीत होती. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात मी ती पुढे पाहिली नाही. प्रत्येकाने त्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. सुरुवात ते स्वतः करीत. शिक्षा नसे, उपदेश नसे. दुसऱ्याची चूक सांगायला सक्त मनाई असे. आमचा कंपाउंडर वयस्क आणि अत्यंत काटेकोर होता आणि या बैठकीने तो बुधवारपासूनच हैराण होई.

"इस हफ्ते कुछ बी गल्ती नै हुई साब," तो एकदा हात जोडून म्हणाला.

"कशावरून?"

कंपाउंडर विचारात पडला, मग उजळला. "वो मल्लव्वा को दो बार सलाम किया साब. एक बार भूल के."

डॉक्टरसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना तसे हसताना मी त्यानंतर क्वचितच पाहिले.

दुबलगुंडीच्या गौरम्माची शस्त्रक्रिया त्याच उन्हाळ्यातली. तिचा नवरा शिवलिंगप्पा थोडी शेती करी आणि गुळाचे दुकान चालवी. बसवण्णांना मानणारे ते कुटुंब. घरात अर्धे कानडी, अर्धे मराठी. तिच्या पोटात कळ आली की ती दाताखाली पदर धरून बसे, ओरडत नसे. फरशीवरचे चित्र दोघांनी लक्षपूर्वक पाहिले. शिवलिंगप्पाने एकच प्रश्न विचारला : "तळं काडलं तर मागं पिकाला कमी पडत न्हाई ना?" डॉक्टरसाहेबांना तो प्रश्न फार आवडला.

माणसे कमी असत म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी जखमेच्या कडा हुकाने मागे ओढून धरायचे काम माझ्याकडे येई. त्या दिवशीही मीच होते. पित्ताशय सुजलेले, आजूबाजूला चिकटलेले होते. ते सोडवताना एक रोहिणी निसटली आणि पाहता पाहता सगळी पोकळी रक्ताने भरली. डॉक्टरसाहेबांनी त्या लाल डबक्यात अंदाजानेच चिमटा घातला आणि मिटवला. रक्त थांबले. मी सुटकेचा श्वास सोडला.

"आंधळा चिमटा लावला मी," ते म्हणाले.

त्या गुरुवारी बैठकीत त्यांनी आपली चूक म्हणून हीच सांगितली. तोवर गौरम्मा भाताची पेज पीत होती, आणि घरी कधी सोडता म्हणून मल्लव्वाजवळ भुणभुणत होती. आम्ही कुणी त्या चुकीला फारसे महत्त्व दिले नाही. टाके काढून, खडे कागदाच्या पुडीत बांधून घेऊन, ती चालत दवाखान्याबाहेर पडली.

पुढचे सारे आम्हाला मागाहून कळले. घरी काही काळ बरा गेला. मग डोळे पिवळे झाले. शिवलिंगप्पाने तिला आमच्याकडे आणले नाही. कावीळ म्हटल्यावर त्या भागात जे करतात तेच त्याने केले : आमच्याच भागातल्या मेहकर गावापलीकडे एका वस्तीवर हात धुऊन कावीळ उतरवत, तिथे नेले. रोग्याच्या हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळतात, मग काशाच्या ताटात चुन्याच्या निवळीने हात धुवायचे. ताटातले पाणी पिवळे होते. कावीळ पाण्यात उतरली, असे समजतात. गौरम्माचे पाणी दर खेपेला पिवळे धमक येई आणि नवराबायको समाधानाने घरी परतत.

ती आमच्याकडे आली तेव्हा बैलगाडीतून उचलून घ्यावी लागली. अंग खाजवून खाजवून रक्ताळलेले. सुईच्या टोचणीतून आलेले रक्तही थांबत नव्हते. अशा रोग्याचे पोट पुन्हा उघडणे म्हणजे टेबलावरच मारणे. डॉक्टरसाहेब थांबले, तिला जरा उभारी येण्याची वाट पाहत राहिले. तशी उभारी तिला आली नाही.

ती गेल्यावर व्हरांड्यात डॉक्टरसाहेब शिवलिंगप्पापुढे जाऊन उभे राहिले. मी प्रयोगशाळेच्या दारात होते.

"अप्पा, मला तिचं पोट एकदा उघडू द्या. मी काय केलं ते मला बघायचंय."

"न्हाई साहेब."

"थोरला पाट माझ्या चिमट्यात चेंगरला असणार. तो हळूहळू आकसत गेला. मला खात्री करायचीय."

"तिला हातात लिंग दिऊन बसवायचं हाय मातीत," शिवलिंगप्पा म्हणाला. "फाडल्याली बाई कशी बसवू मी?" आणि मग : "तुमी कामून तरास करून घेयलाव? तुमी तर बरी करून लावून दिल्ती. मीच मारलं तिला. पाणी पिवळं यायलंय म्हणून बघत बसलो."

आमच्या कर्नाटकी सीमेवर लिंगायत मृताला बसवून पुरतात, हे मी लहानपणापासून पाहिलेले होते. पण ती समाधी बुजली की त्याबरोबर एका प्रश्नाचे उत्तरही कायमचे बुजते, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले. पित्ताची नळी चेंगरली होती, की मागे राहिलेला एखादा खडा तिच्यात येऊन अडकला होता? दोन्ही शक्य होते. माझ्या शास्त्राला त्यापुढे जाता येत नव्हते.

डॉक्टरसाहेबांची मात्र खात्री झालेली होती, आणि त्यांना छळत होते ते त्याहून वेगळेच. तेराव्याच्या आसपास ते दुबलगुंडीला जाऊन आले. परत आले ते माझ्या खोलीत, स्टुलावर बसून राहिले.

"दुकान उघडतो," ते म्हणाले, "पण गिऱ्हाइकाकडे बघत नाही. मांडीवर हात ठेवून बसलेला असतो. मुलगी दिलीय जवळच्याच गावात. ती येऊन त्याच्या तोंडावर म्हणाली, आप्पा, तुमी उशीर केलाव म्हणून अव्वा गेली. आता ती माहेरी पाऊल टाकत नाही. सगळा गाव त्याला हेच म्हणतोय. आणि तोही."

"उशीर तर झालाच," मी म्हटले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "उशीर कशाला झाला, बाई? मी केलेलं निस्तरायला. मी केलंच नसतं तर कसला उशीर?"

मी उगाच दिवा पुसला. त्या दिवसांत मी कुतूहलापोटी एक प्रयोग केला होता. आंब्याची साल आणून तिचा रस माझ्या निरोगी हातांना चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात बुडवले. पाणी पिवळे झाले. कंपाउंडरचे हात धुतले, मल्लव्वाचे धुतले. प्रत्येक वेळी पिवळे. हे मी डॉक्टरसाहेबांना उत्साहाने दाखवले. शिवलिंगप्पालाही दाखवावे, म्हणजे पुन्हा कुणी फसणार नाही, असेही म्हटले. मोजल्याशिवाय उकाडासुद्धा मान्य न करणाऱ्या त्या माणसाने ताट उचलले आणि व्हरांड्याबाहेर ओतून दिले.

"त्याला हे कळता कामा नये," ते म्हणाले. "निदान पाणी तरी खरं होतं, असं त्याला वाटू दे."

आणि मग दावा.

शिवलिंगप्पाने दवाखान्यावर आणि आपल्यावर हर्जान्याचा दावा लावावा, असे त्यांनी ठरवले. अदालतीने निवाडा देऊन सांगितले की बाई डॉक्टरच्या हातून गेली, तर मुलीला ते मानावेच लागेल, गावाला मानावे लागेल. एका माणसाच्या डोक्यावरून ते ओझे उतरवायचा दुसरा कायदेशीर मार्ग त्यांना दिसत नव्हता. शिवलिंगप्पाने साफ नकार दिला. तेव्हा ते बाजाराच्या दिवशी जाऊन त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसले. मी बरोबर होते. त्यांनी मला साक्षीला म्हणून नेले होते आणि मी त्यांना परत आणायला म्हणून गेले होते.

गिऱ्हाइके त्यांना ओलांडून गूळ घेत होती. "डाक्टर कामून बसलाय ओ इथं?" एकाने विचारले.

"दावा लाव म्हनतोय. त्याच्यावरच," शिवलिंगप्पा वैतागून म्हणाला.

"आँ? मग लाव की. असं गिऱ्हाईक परत यायचं न्हाई!"

लोक हसले. डॉक्टरसाहेबही हसले, पण उठले नाहीत. पाणी दिले ते घेतले नाही, भाकरी आणली ती शिवली नाही. दिवस कलला तसा शिवलिंगप्पाचा धीर सुटला. ब्राह्मण असो की जंगम, शिकला-सवरला माणूस आपल्या दारात उपाशी बसतो, हे त्याला सोसेना. "द्या इकडं तो कागुद," तो म्हणाला. "तुमची विच्छा हाय ना? घ्या." त्याने सही केली, आणि तिथेच, दुकानाच्या पायरीवर, दोघांनी एका ताटात भाकरी खाल्ली. वादी आणि प्रतिवादी.

दवाखान्याच्या विश्वस्तांनी चांगला वकील दिला. संस्थेच्या नावाचा प्रश्न होता; त्यांचा त्यात दोष नाही. डॉक्टरसाहेब साक्षीला उभे राहिले तेव्हा अदालतीची खोली भरलेली होती. त्यांनी सगळे स्पष्ट सांगितले : रक्त, चिमटा, थोरला पाट. वकील शांतपणे ऐकत होते.

"डॉक्टरसाहेब, ती नळी चिमट्यात सापडली, हे आपण डोळ्यांनी पाहिलंत?"

"नाही."

"मग कशावरून?"

त्यांची सवय सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. खोलीत हशा पिकला, न्यायासनावरचे मुन्सफही मिशीत हसले. डॉक्टरसाहेबांनी तोंड उघडले आणि मिटले.

माझी साक्ष झाली. चिमट्याखाली काय आले हे दिसण्याजोगे नव्हते, असे मी सांगितले, कारण ते तसेच होते. मला वाटले, आता मला सोडतील. पण वकिलांनी तोवर शिवलिंगप्पाकडून हात धुण्याची सगळी हकीकत काढून घेतलेली होती. पाणी पिवळे येई म्हणून रोग उतरतो आहे असे वाटे, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले होते.

"आपण रसायनशास्त्राच्या पदवीधर," वकील मला म्हणाले. "मला कावीळ नाही. माझे हात त्या रीतीने धुतले तर पाणी पिवळं होईल का?"

"उत्तर देऊ नका!" डॉक्टरसाहेब जागेवरून उठून ओरडले. मुन्सफांनी त्यांना बसायला सांगितले. ते बसले नाहीत. "मुन्सफसाहेब, त्याचा या दाव्याशी संबंध नाही. चूक माझी आहे. तो प्रश्न विचारू नका."

मुन्सफांनी मला उत्तर द्यायला फर्मावले.

"होईल," मी म्हटले. "कुणाचेही हात धुतले तरी होईल."

शपथेवर विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला ठाऊक होते आणि मी ते दिले. आज विचारले तरी तेच देईन. पण त्या वेळी शिवलिंगप्पाने आपले दोन्ही तळहात वर करून त्यांच्याकडे पाहिले, ते मी अजून विसरू शकलेले नाही. तो बराच वेळ पाहत होता. जणू ते त्याचे नव्हते.

दावा फेटाळला गेला. निर्णयात डॉक्टरांचा दोष शाबीत होत नाही असे होते, आणि मयताच्या आप्तांनी अडाणी उपायांत वेळ दवडला असेही होते. म्हणजे जे पुसून टाकण्यासाठी डॉक्टरसाहेब अदालतीत आले होते, तेच आता सरकारी उर्दूत कायम झाले.

आम्ही बाहेर आलो. डॉक्टरसाहेब पायऱ्यांवरच बसले. वकिलांनी येऊन त्यांचे अभिनंदन केले. त्यांनी मान वर केली नाही. मग शिवलिंगप्पा आला आणि तीन-चार पायऱ्या खाली उभा राहिला. त्यामुळे दोघांचे चेहरे समोरासमोर आले.

"अप्पा," डॉक्टरसाहेब म्हणाले, "मला जमलं नाही. तुमच्या डोक्यावरचं काढायला आलो होतो, उलट—"

"तुमी चुकलाव, साहेब."

डॉक्टरसाहेबांनी चमकून त्याच्याकडे पाहिले.

"तुमी तिचा थोरला पाट दाबलाव. मला आधीच ठावं होतं. तुमी पहिल्यांदा सांगितलाव तवाच पटलं हुतं. तोंडानं म्हनलो न्हाई, कारण तुमी आमच्यासाठी लई केलाव."

"मग हे तुमच्या मुलीला सांगा. गावात सांगा. चूक माझी होती, सगळी माझी होती, म्हणून सांगा."

"तुमची सांगतो," शिवलिंगप्पा म्हणाला. "सगळी न्हाई."

"अप्पा, ऐका माझं—"

"तुमी ऐका. पाणी लबाड हुतं, हे आज कळलं. बरं झालं कळलं. पर तिचे डोळे पिवळे हुते ते मी बगत हुतो, आन् मी पाणी बघून खूश व्हायलतो. ती माझी बायकू हुती, साहेब. समदी चूक तुमाला दिऊन टाकली, तर मी घरी काय घिऊन जाऊ?"

शिवलिंगप्पाने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा नीट बांधला आणि डॉक्टरसाहेबांच्या शेजारी पायरीवर बसला. उन्हात, एकमेकांकडे न बघता, ते दोघे तसेच बसून राहिले. दुबलगुंडीकडे जाणारी गाडी समोर उभी होती. गाडीवानाने दोनदा हाक मारली आणि मग तोही बैलांचे जू उतरवून सावलीत जाऊन बसला.